चाल लागलेली कविता कुणाची?

एखादी कविता आवडली असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय आवडलेलं असतं? शब्द, चाल की गाणाऱ्याचा आवाज? माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना मराठी कविता आधी कानाला भेटली, डोळ्यांना नंतर. सौमित्र यांचं पुस्तक हातात यायच्या कितीतरी आधी ‘गारवा’ ऐकून पाठ झाला होता. तो अल्बम १९९८चा, म्हणजे आम्ही तेव्हा धड बोलतही नव्हतो. संदीप खरे यांच्या कवितांचं तेच. पान उघडलं की डोक्यात पेटी वाजायला लागते आणि ओळी आपापल्या जागी जाऊन बसतात. वाचायचं काही उरतच नाही.

आमच्या कामात ‘डिफॉल्ट’ फार ताकदवान असतो. सेटिंग बदलायची मुभा सगळ्यांना असते, बदलतात फार थोडे. चाल ही कवितेची डिफॉल्ट सेटिंग आहे. कुठे थांबायचं, कोणता शब्द लांबवायचा, कुठे गळा दाटायचा, हे सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आता प्रश्न असा, की त्या ठरवून दिलेल्या जागी माझे डोळे भरून आले, तर ती प्रतिक्रिया माझी म्हणायची का?

हा प्रश्न मला पडला तो एका दिवाळी अंकामुळे. बहिणीने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या त्या अंकाला एक सीडी चिकटवलेली होती, त्यातल्याच काही कवितांची गाणी. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही. तिने मैत्रिणीकडे जाऊन गाणी ऐकली, मी नुसता अंक वाचला. त्यातली एक कविता आईवर होती. मला ती रागावलेली वाटली. मुलगा आईला जाब विचारतोय, तू का गप्प बसलीस म्हणून. बहीण म्हणाली, छे, ती आठवणीची कविता आहे, किती हळवी आहे. आम्ही तासभर भांडलो. काही महिन्यांनी मीही ते गाणं ऐकलं. बासरी, संथ ठेका, आणि जिथे मला जाब दिसला होता तिथे एक लांब, गोड आलाप. बहिणीचं म्हणणं लगेच पटलं. तेव्हापासून तो राग मला त्या पानावर सापडत नाही.

यावर सोपं उत्तर असं, की संगीतकाराने कविता बिघडवली. ते मला मान्य नाही. संगीतकार हाही एक वाचकच. त्याने कविता वाचली, त्याला काहीतरी वाटलं, ते त्याने सुरांत मांडलं. त्याची प्रतिक्रिया माझ्याइतकीच प्रामाणिक असेल, आणि माझ्यापेक्षा जास्त मेहनतीची तर नक्कीच. फरक एवढाच की त्याची प्रतिक्रिया छापून, वाजवून हजारो लोकांपर्यंत गेली, माझी घरातल्या भांडणात संपली.

दुसरं सोपं उत्तर असं, की कविता एकट्याने, शांतपणे, पुस्तकातच वाचावी. तेही टिकत नाही. मराठी कविता मुळात गळ्यातलीच. ओवी जात्यावर आली, अभंग टाळांबरोबर. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि १९५२मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. तिथे गाणं आधी आणि कागद नंतर. पुण्यात १९२३ साली जमलेल्या रविकिरण मंडळाचे कवीसुद्धा आपल्या कविता लोकांपुढे गाऊन दाखवत. मुकाट्याने वाचणं हीच आपल्याकडची नवी सवय. आणि ज्याला वाचता येत नाही, दिसत नाही, त्याला ‘आधी पुस्तक वाच’ असं सांगणं हा नुसता तोरा झाला.

मग चूक नेमकी कुठे होते? हे शोधायला मी ‘गीतरामायण’ पुन्हा उघडलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. तिथून वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, एकूण ५६ गीतं. १९५७ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने त्याचं पुस्तक काढलं. म्हणजे पुस्तक विकत घेणाऱ्या बहुतेकांच्या कानात चाल आधीच होती.

शेवटाकडे सीतेच्या त्यागाचं गीत आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. दर वेळी ‘किती सुंदर गाणं’ असंच वाटलं. यंदा हेडफोन बाजूला ठेवून ते मोठ्याने, सपाट आवाजात, बातमी वाचावी तसं वाचलं. तेव्हा ते गाणं राहिलं नाही. गरोदर बाईला न सांगता रानात आणून सोडलंय आणि ती विचारतेय, आता माझं काय? त्या प्रश्नाला समोर उभ्या असलेल्या दिराकडे उत्तर नाही. आकाशवाणीवर वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळे गायक-गायिका होत्या. पुढे ध्वनिमुद्रिकांवर आणि मैफलींत सगळी गीतं फडक्यांनीच गायली, सीतेचीसुद्धा. माझ्या कानातली सीता म्हणूनच बाबूजींच्या आवाजात बोलते. तो आवाज मला अतिशय प्रिय आहे. पण कागदावरची सीता कुणाच्याच आवाजात बोलत नाही, त्यामुळे ती थेट अंगावर येते.

मी हे आजीला सांगितलं. आजी पंच्याऐंशीची. आता तिला फार कमी ऐकू येतं, म्हणून ती ते पुस्तक घेऊन बसते आणि मांडीवर बोटाने ठेका धरून वाचते. तिच्यासाठी पुस्तक म्हणजे गाण्याचा डबा. मी तिला वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं, “या चालीमुळे सीतेचं म्हणणं मऊ होत नाही का?”

ती म्हणाली, “अरे, चाल होती म्हणून तर ते आमच्या घरात शिरलं. सासऱ्यांसमोर मी म्हटलं असतं का, की रामाने हे चुकीचं केलं? रेडिओवर ती म्हणायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मला कळत होतं ती काय म्हणतेय ते.”

या उत्तरापुढे माझी डिफॉल्टची उपमा तोकडी पडली. एकाच चालीवर सासरे डोलत होते आणि सून जाब ऐकत होती. चालीने दोघांनाही अडवलं नव्हतं. उलट जे बोलून दाखवायची सोय नव्हती ते तिने बैठकीच्या खोलीपर्यंत पोचवलं. चाल म्हणजे वाहन. आत काय भरलंय ते बघणं ज्याचं त्याचं काम.

आणि ‘गीतरामायणा’ची रचनाच तर हे सांगते. ही सगळी कथा कुश आणि लव गातात, आणि ऐकायला समोर बसलाय खुद्द राम. सुरुवातीलाच ऐकणाऱ्यांच्या गालांवर आसवं ओघळतात. रामाने जे केलं ते त्याला गोड सुरांत ऐकवलं जातंय. ते अश्रू गाण्यासाठी की सीतेसाठी, हे ओळखणं ही त्या श्रोत्यांची जबाबदारी. आपलीही.

म्हणून मी आता असं मानतो: दुसऱ्याच्या सुरांतून आलेली प्रतिक्रिया खोटी नसते. ती उसनी असते, आणि उसनं घेण्यात काही वाईट नाही. आपण भाषाही उसनीच घेतो. वाईट होतं ते तिथेच थांबल्यावर. कवितेत कुणी रडत असेल, जाब विचारत असेल, आणि आपण ‘काय सुंदर आहे’ एवढंच म्हणून पुढच्या गाण्यावर बोट ठेवत असू, तर आपण कुणाचं तरी म्हणणं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. प्लेलिस्टमध्ये हे फार सहज होतं, कारण पुढचं गाणं आपोआप येतं.

मी माझ्यापुरता एक साधा उपाय ठेवलाय. आवडलेल्या गाण्याचे शब्द शोधायचे आणि एकदा चालीशिवाय, मोठ्याने वाचायचे. काही गाणी त्यात फुसकी निघतात. काहींमध्ये असं काही सापडतं की पुढचे दोन दिवस ते गाणं लावायची हिंमत होत नाही. नंतर लावतो तेव्हा चाल तीच असते, आणि आता मला तिच्यामागचं माणूसही ऐकू येतं. आईवरच्या त्या कवितेत मात्र मला अजून राग परत मिळालेला नाही. अंक टेबलावरच आहे. बासरी बाजूला सारून मी अधूनमधून पुन्हा प्रयत्न करतो.