कोरेश कोणत्या मंडळीचा होता?

यशयाच्या ४५व्या अध्यायात परमेश्वर पारसाचा राजा कोरेश यास आपला अभिषिक्त म्हणतो, आणि तेथेच सांगतो की हा मला ओळखीत नव्हता. मंदिरातून लुटून नेलेली पात्रे यहूद्यांस परत देणारा तो हाच राजा.

निवडणूक आली म्हणजे मंडळ्यांत विचारतात, "पाळकसाहेब, उमेदवार आपल्यातला आहे काय?" इ. स. १९६० साली अमेरिकेत जॉन केनेडी हे रोमन कॅथोलिक गृहस्थ अध्यक्षपदास उभे राहिले, तेव्हा कित्येक प्रॉटेस्टंट पाळकांसही हीच शंका आली. हे पोपच्या आज्ञेत राहतील असे भय त्यांस वाटले. १२ सप्टेंबर रोजी ह्यूस्टन शहरी पाळकांच्या सभेत केनेडी यांनी बजाविले की आज संशय कॅथोलिकावर आहे, तो उद्या यहूद्यावर किंवा बाप्तिस्तावर येईल.

हे आपणांस अधिकच लागू आहे, कारण आपण थोडके आहो. धर्म पाहून मत देण्याची रीत गावात रुजली, तर ती प्रथम आपल्याच मुलांस बाधेल. आपला इ. स. १९५१चा कायदाही धर्माच्या नावाने मते मागणे भ्रष्ट आचरण ठरवितो. मतदाराच्या धर्माची हाक देणेही त्यातच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला.

तर मग श्रद्धेचा विचारच करू नये काय? मोशेच्या सासऱ्याने अधिकारी निवडताना देवाचे भय पाहण्यास सांगितले खरे (निर्गम १८:२१), परंतु त्याच वाक्यात लाभाचा तिटकाराही मागितला. तेव्हा कोणी उमेदवार "मी देवभीरू आहे" असे म्हणत दारी आला, तर विहिरीच्या पैशाचा हिशेब त्याने ग्रामसभेत दिला काय, हे मी त्यास आधी विचारीन.