मोलकरी आणि मेंढपाळ

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात एक रात्र राहण्याचा योग आम्हांस काही दिवसांपूर्वी आला. आमच्या बोर्डिंगात वाढलेला आणि आता आखाती देशात चांगल्या हुद्द्यावर असलेला एक मुलगा हट्टच धरून बसला होता. "फादर, तुम्ही आम्हांला सात वर्षं जेवू घातलंत. एक रात्र तरी माझे पाहुणे व्हा," असे तो म्हणाला. नकार देऊन त्याचे मन मोडणे आम्हांस बरे वाटले नाही, म्हणून देवगिरी एक्सप्रेसने आम्ही जालन्याहून निघालो. परंतु ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, त्या गावांच्या धर्मगुरूने अशा ठिकाणी निजावे काय, हा प्रश्नही आमच्यासोबत गाडीत चढला होता.

जमशेटजी टाटांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. समोरचे 'गेटवे ऑफ इंडिया' १९२४ साली पुरे झाले, म्हणजे दारापेक्षा घरच जुने! आराखड्याच्या कामात सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी वास्तुतज्ज्ञ होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात या वास्तूचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले होते. हे वाचून सेमिनरीतील लॅटिनचा तास आठवला. 'होस्पेस' या एकाच शब्दाचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही. 'हॉटेल' आणि 'हॉस्पिटल' ही दोन्ही त्याच मुळाची फळे. परक्याला आपले म्हणून आत घेणे, हा दोहोंचा मूळ धर्म.

मऊ बिछान्यावर आम्हांस झोप काही आली नाही. आपल्या गरजेहून अधिक जे उरते ते गरिबांचे देणे असते, अशी संत थॉमस अक्विनास यांची शिकवण आहे. त्याच संताने उदात्त कार्यासाठी मोठा खर्च करण्याला सद्गुणही म्हटले आहे. मात्र हा सद्गुण देवाच्या गौरवासाठी आणि सर्वांच्या हितासाठी असतो, एका माणसाच्या निजण्यासाठी नव्हे. तेव्हा ऐषाराम म्हणून पाहिले तर त्या खोलीचे समर्थन आम्हांस करता येत नाही. त्या मुलाच्या कृतज्ञतेपुढे आम्ही मान तुकवली, एवढेच.

परंतु त्या रात्री दुसरा एक प्रश्न अधिक बोचला. पाण्याचा तांब्या ठेवण्यास आलेल्या तरुणाने आमचे बोलणे ऐकून विचारले, "मराठवाड्यातले का तुम्ही?" मग तो क्षणभर थांबला आणि आणखी एक उशी घेऊन आला. आमच्या मनात आले, हा जिव्हाळा पगाराचा. पैसे देऊन घेतलेले आतिथ्य खरे असू शकते काय?

संत योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, प्रभू येशू उत्तम मेंढपाळ आणि मोलकरी यांतील भेद सांगतो. लांडगा येताच मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. वाचकहो, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच इमारतीत लांडगे शिरले. २९ तारखेच्या सकाळपर्यंत गोळीबार आणि आग चालू होती. तेथील नोकरांना मागच्या वाटा ठाऊक होत्या. पळणे त्यांना शक्य होते, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. तरी त्यांतील बहुतेक थांबले. त्यांनी पाहुण्यांना लपवले, धीर दिला, बाहेर काढले. स्वयंपाकघरातील माणसे पाहुण्यांच्या आड उभी राहिली आणि त्यांतील कित्येकांनी प्राण गमावले. मुख्य व्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले त्या आगीत गेली, तरी ते आपले काम करीत राहिले. पुढे अभ्यासकांनी या वागण्याची कारणे शोधली, तेव्हा दिसले की हे हॉटेल मोठ्या शहरांऐवजी लहान गावांतून माणसे निवडते आणि मालकापेक्षा पाहुण्याची बाजू घेण्यास त्यांना शिकवते.

मग प्रभूचे वचन खोटे ठरले काय? नाही. आम्हीच ते उथळपणे वाचले होते. मोल घेतल्याने कोणी मोलकरी होत नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला धर्मशाळेत नेले आणि तेथल्या माणसाच्या हाती दोन दीनार ठेवले. त्या दयेतही पैसा होता, आणि पैसे घेणारा त्या दयेचा वाटेकरी झाला. लांडगा आल्यावर 'ही मेंढरे माझी' असे ज्याचे मन म्हणते तो मेंढपाळ. मोलकरी कोण, हे त्याच वेळी कळते.

येथे आम्हांस एक कबुली द्यावी लागते. पुष्कळ वर्षांपूर्वी, भर पावसाच्या रात्री, एका वस्तीवरून एक माणूस वडिलांसाठी पवित्र तेलाचा संस्कार मागण्यास आला होता. ओढ्याला पूर होता, अंगात कणकण होती. "पहाटे येतो," असे आम्ही त्याला सांगितले. पहाटे गेलो तेव्हा म्हातारबाबा गेलेले होते. त्या मुलाने आम्हांस एका शब्दानेही दुखावले नाही, उलट चहा पाजला. दरवर्षी उत्तम मेंढपाळाच्या रविवारी उपदेश करताना तो चहा आम्हांस आठवतो. आमच्या डोक्यावर दीक्षाविधीत हात ठेवले गेले होते. ताजमधल्या वाढप्याला मिळाले होते ते फक्त नेमणुकीचे पत्र.

शौर्याने श्रीमंती पवित्र होत नाही. ऊसतोड्याच्या खोपटात आणि त्या खोलीत जे अंतर आहे ते अन्यायाचेच आहे, आणि २००८ ची ती रात्र दाखवून ते झाकता येणार नाही. परंतु आपण सारेच कोणाचे ना कोणाचे मोल घेतो. शिक्षक, परिचारिका, एस.टी.चा चालक आणि धर्मगुरूही. मोल घेण्यात पाप नाही. मोलापुरतेच माणसाला जवळ करणे, हे मात्र पाप आहे. रात्री आपले दार वाजते तेव्हा आपण कोण असतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

गावी परतल्यापासून आम्ही मात्र रात्री दाराजवळच निजतो.