पाव गुणाचा प्रश्न

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा जवळ येऊ लागली की प्रत्येक घरात एकच पेच पडतो : उरलेला वेळ पुस्तकांना द्यायचा की सराव परीक्षांना? माझी भाची गोव्यातल्या चोपड्याची. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेतला आहे आणि शिवोलीचा पूल ओलांडून म्हापशाला क्लासला जाते. मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवले. माझा कौल सराव परीक्षांना, तिचा पुस्तकांना. आमचे बोलणे इथे मांडतो, कारण तिच्या एका प्रश्नापाशी मी अजून अडलो आहे.

भाची : मामा, फिजिक्समधले रोटेशन माझे कच्चे आहे. पूर्ण पेपर सोडवला तर काय कळणार? रोटेशन कच्चे आहे हेच. त्यासाठी तीन तास कशाला घालवू? तेवढ्यात अर्धे प्रकरण वाचून होईल.

मी : वाचून होईल, पण राहील किती? 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला. काहींनी आधी वाचला आणि मग तो मिटून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आणि आपल्याला चांगले लक्षात राहील याचा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

भाची : त्या उताऱ्यात न कळण्यासारखे काही नव्हते ना? नुसते आठवायचे होते. ज्याला टॉर्क कळलाच नाही तो आठवणार काय? तुझा प्रयोग बायोलॉजीच्या 90 प्रश्नांना लाव. फिजिक्सच्या 45 प्रश्नांना नको.

मी : बरोबर आहे. न कळलेले परीक्षेने कळत नाही. पण कळले नाही, हे तुला कोण सांगणार? पुस्तक उघडे असते तेव्हा प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. ओळखीचे असणे वेगळे आणि येणे वेगळे. 2024 च्या नीटमधला अणूंचा प्रश्न आठव. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर, नव्याप्रमाणे बहुतेकांचे. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी दोन्ही उत्तरे धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी पाहिले आणि एकच उत्तर उरले. ज्यांनी जुने वाक्य नुसते वाचून ठेवले, ते फसले.

भाची : ही तर माझी बाजू झाली! ज्याने किरणोत्सार समजून घेतला होता, त्याला आवृत्तीशी काय देणेघेणे? सगळेच अणू स्थिर नसतात, हे त्याला ठाऊक होते. शंभर पेपर सोडवून ते आले नसते. पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. सराव परीक्षा शिकवतात काय? क्लासमध्ये पेपर झाला की चर्चा एकच : कुठे तुक्का मारला, कुठे बसला.

मी : तोही परीक्षेचा भाग आहे. 180 प्रश्न, 180 मिनिटे. बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1, कोऱ्याला शून्य.

भाची : मग हिशेब कर. चार पर्यायांच्या चार प्रश्नांत डोळे मिटून तुक्के मारले तर सरासरी एक बसतो. चार मिळाले, तीन गेले, एक उरला. म्हणजे काहीच न येणाऱ्यालाही प्रत्येक तुक्क्याला पाव गुण. एक पर्याय बाद करता आला तर त्याहून जास्त. ‘मला येत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला मात्र शून्य.

मी : डॉक्टरलाही अर्धवट माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. अपघाताचा माणूस समोर आला तर पुस्तक उघडून बसता येत नाही.

भाची : घ्यावा लागतो. पण आपल्याला काय ठाऊक नाही, हे त्या डॉक्टरला ठाऊक असते. तुयेच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला वाटले हे आपल्या हातातले नाही, तर तो म्हापशाच्या इस्पितळात पाठवतो, म्हापशाहून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात. ते शहाणपण झाले. पेपरात पुढे पाठवायची सोय कुठे आहे? मी वर्षभर दर रविवारी न येणाऱ्या गोष्टीवर ठाम उत्तर द्यायचा सराव करायचा, आणि मग डॉक्टर व्हायचे?

मी : म्हणूनच पेपर कसा सोडवतेस याला महत्त्व आहे, बाय. प्रत्येक उत्तरापुढे खूण कर : खात्री, अर्धी खात्री, तुक्का. तपासताना तुक्क्याने बरोबर आलेले चूक धर. खात्रीने दिलेले चुकले तर त्या धड्याकडे सगळ्यांत आधी जा, कारण तिथे तू चुकतेस हे तुला ठाऊकच नाही. पेपराला तीन तास दिलेस तर तपासून पुस्तकाकडे परतायला सहा दे. जो धडा एकदाही समजून वाचलेला नाही, त्याचा पेपर नकोच. आधी धडा, मागची उदाहरणे, मग पेपर.

भाची : म्हणजे परीक्षा वाचनाच्या सेवेला लागली. हे मला मान्य आहे. पण मे महिन्यात, खऱ्या पेपरात? तिथे तुक्का मारू की नको?

मी : मार. नियम सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात कोणाची फसवणूक नाही.

भाची : फसवणूक नाही, पण सवय आहे. घरी तुक्का चूक आणि केंद्रावर तोच बरोबर, असे मनाला दोन तऱ्हांनी वळवता येते का?

मी : दहा प्रश्न कोरे सोडलेस तर सरासरी अडीच गुण जातील. 2025 साली 22 लाखांहून जास्त मुले बसली होती. एवढ्या गर्दीत अडीच गुणांनी क्रमांक कुठल्या कुठे जातो. बांबोळीची जागा गेली, तर तुझा हा प्रामाणिकपणा कोणत्या रुग्णाच्या कामी येणार?

भाची : आणि जागा मिळाली, पण सवय राहिली, तर ती कोणत्या रुग्णाला भोवणार?

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. परीक्षेची सवय पुढे पाच-सहा वर्षांच्या शिक्षणात आणि रुग्णांच्या सहवासात मोडते, असे मला वाटते. पण वाटणे हा पुरावा नाही, आणि ती पुरावा मागते. खुणा करून पेपर सोडवायचे, तपासायला दुप्पट वेळ द्यायचा आणि रोटेशन समजेपर्यंत पूर्ण पेपर लावायचा नाही, एवढ्यावर आमचे जमले. एकही पर्याय बाद करता येत नसेल तर प्रश्न कोरा सोडायचा, असे तिने ठरवले आहे. मी त्याच्या विरोधात आहे, आणि परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत तिला तसे सांगत राहणार आहे.