रंजनाचे ऋण

रात्र कशासाठी आहे, ह्या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी दोन उत्तरे दिली होती. एक, निद्रेसाठी; दुसरे, जागरासाठी. देवळाच्या सभामंडपात कीर्तन रंगे, जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकाचा मृदंग पहाटेपर्यंत वाजे, आणि त्या जागरणाला कोणी दुराचार म्हणत नसे. मात्र तेच जागरण नगरातील दिव्यांखाली, तिकीट काढून होऊ लागले की आपल्या भुवया वर चढतात. असे का व्हावे? रंजन देवाच्या दारी शुद्ध असते आणि बाजारात अशुद्ध होते काय? की शुद्धाशुद्धतेची खरी कसोटी स्थळात नसून दुसऱ्याच कशात तरी आहे?

जपानातील ओसाका नगरीत, दोतोनबोरी नावाच्या कालव्यावरील पुलावर एका सायंकाळी उभे असताना ह्या प्रश्नाने आम्हांस गाठले. हा कालवा १६१५ मध्ये पुरा झाला. तो खणावयास घेणारा दोतोन नावाचा गृहस्थ त्याच वर्षी ओसाकाच्या किल्ल्याच्या वेढ्यात मारला गेला, आणि त्याचे नाव पाण्याला मिळाले. पुढे काही वर्षांतच त्याच्या काठी नाटकमंडळ्या आल्या, आणि तेव्हापासून चारशे वर्षे ही जागा रात्रीची राहिली आहे. दिव्यांचे रंगीत फलक पाण्यात थरथरतात, तव्यावरील पिठाच्या गोळ्यांचा वास दरवळतो, आणि माणसांचा लोंढा एका काठाने जातो व दुसऱ्या काठाने परततो. येथील जुन्या पाच नाट्यगृहांपैकी एकाचे नाव बेन्तेन-झा असे होते. बेन्तेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेली आपली सरस्वतीच होय. वीणेऐवजी तिच्या हाती तिकडचे बिवा नावाचे तंतुवाद्य आले, एवढाच काय तो भेद.

रंजनाविषयी त्या देशाची मूळ धारणा काय, हे त्याच्या सर्वांत जुन्या उपलब्ध ग्रंथात, इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’त सापडते. सूर्यदेवता आमातेरासु रुष्ट होऊन गुहेत दडली आणि त्रिभुवनात अंधार पसरला. तेव्हा उझुमे नावाच्या देवतेने एका पालथ्या पिपावर चढून नृत्य आरंभिले. त्या नृत्यात सोवळेपणा फारसा नव्हता. देवगण खदखदून हसले. आपल्यावाचून हे आनंदी कसे, म्हणून आमातेरासूने कुतूहलाने गुहेचे दार किंचित उघडले, आणि जगात प्रकाश परतला. आपल्याकडे नाट्यशास्त्रातील कथा ह्याहून फार दूरची नाही. देव ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्यांनी मागितले ते एक खेळणे, डोळ्यांना आणि कानांना सुखविणारे. ब्रह्मदेवाने ते मागणे हसण्यावारी नेले नाही. सर्व वर्णांना मोकळा असा पाचवा वेद त्यातून निर्माण झाला. तात्पर्य, रंजन हा रिकामपणाचा अलंकार नव्हे, ती जीवाची भूक आहे, ह्याविषयी दोन्ही संस्कृतींचे एकमत आहे. म्हणून रंजन मुळातच त्याज्य मानणाऱ्या विरक्तांशी आम्ही आदरपूर्वक असहमत आहोत.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. त्याच नाट्यशास्त्राच्या अखेरीस भरताच्या पुत्रांना ऋषींनी दिलेला शाप आहे, आणि धर्मशास्त्रकारांनी तर नटाचे अन्नही वर्ज्य ठरविले आहे. जपानातही तेच. इझुमोच्या देवस्थानाची सेविका म्हणून ओळखली जाणारी ओकुनी १६०३ च्या सुमारास क्योतो येथे नाचली आणि त्यातून काबुकी जन्मास आले. १६२९ मध्ये राज्यकर्त्यांनी स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास बंदी केली. नटांना लोक ‘नदीपात्रातले’ म्हणून हिणवीत, कारण त्यांचे खेळ नदीकाठच्या कोरड्या वाळूत, वस्तीच्या वेशीबाहेर होत. रात्री ज्याच्यासाठी गर्दी लोटावी, त्याला सकाळी ओसरीवर बसू देऊ नये, हा विचित्र न्याय दोन देशांनी एकमेकांस न विचारता शोधून काढला!

ह्या न्यायाची सर्वांत करुण कथा ओसाकातच घडली. १७०३ च्या वसंतात सोनेझाकी येथील देवराईत दोन प्रेते सापडली. एक सोयासॉस विकणाऱ्या दुकानातील तोकुबेई नावाच्या गुमास्त्याचे, दुसरे ओहात्सु नावाच्या कलावंतिणीचे. विकल्या गेलेल्या त्या स्त्रीला प्रेम करण्याचा अधिकार नव्हता, म्हणून दोघांनी मरण जवळ केले. महिनाभरातच चिकामात्सु मोंझाएमोन ह्या नाटककाराने त्या घटनेवर बाहुल्यांचे नाटक रचले, आणि दोतोनबोरीवरील ताकेमोतो नाट्यगृहात ते इतके चालले की नाट्यगृह कर्जातून मुक्त झाले. ओहात्सूचे कर्ज मात्र तिच्या जिवाने फिटले. अशी नाटके पाहून तरुण जोडपी मरणास प्रवृत्त होऊ लागली, तेव्हा सरकारने १७२३ मध्ये त्या नाटकांवर बंदी घातली. ज्या कलावंतिणींच्या वाड्यांत ते दुःख निपजत होते, त्या वाड्यांवर बंदी आली नाही. आरसा फोडला, चेहरा तसाच राहिला.

आणि तरीही ती बाहुल्यांची कला पाहताना आम्ही जे अनुभवले ते सांगितले पाहिजे. १९८४ पासून तिच्यासाठी ओसाकात राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृह आहे. एक बाहुली तिघे मिळून चालवितात: एक मस्तक व उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. केवळ पाय हलविण्यातच उमेदवारीची दहा वर्षे जातात, असे तिकडे म्हणतात. रंगमंचाच्या उजव्या अंगाला निवेदक बसतो, शेजारी शामिसेनवादक. आरंभी निवेदक आपली पोथी दोन्ही हातांनी उचलून कपाळाशी नेतो. ते पाहून आमचे हात आपोआप जुळले. कीर्तनकार निरूपणास आरंभ करण्यापूर्वी नमन करतो, तोच हा भाव! मग तो एकटाच नायिका होतो, खलनायक होतो, रडतो, गर्जतो. काही वेळाने बाहुली चालविणारे तिघे दिसेनासे होतात आणि लाकडाच्या चेहऱ्यावर अश्रू दिसू लागतात.

आमच्या आलंकारिकांनी, विशेषतः अभिनवगुप्ताने, ह्या अनुभवाला साधारणीकरण म्हटले. रंगमंचावरील दुःख हे त्या नटाचे नसते, माझे नसते, माझ्या शत्रूचे नसते. ‘माझे-तुझे’ गळून पडते, म्हणूनच त्याचा रस होतो. बाहुली हे ह्या सिद्धान्ताचे जणू मूर्त उदाहरण आहे. तेथे प्रेम दाखविले जाते, परंतु कोणाचे प्रेम विकले जात नाही. प्रेक्षक तिकीट घेतो ते कौशल्याचे, परिश्रमाचे. कोणाच्या अंतःकरणावर त्याचा मालकीहक्क उत्पन्न होत नाही.

ह्याच नगरीच्या रात्रीत दुसरेही एक रंजन आहे, आणि त्याची रीत नेमकी उलट आहे. नाट्यगृहापासून थोड्याच अंतरावरील गल्ल्यांत अशी मद्यगृहे आहेत, जेथे मद्य हे निमित्त असते आणि विकले जाते ते सान्निध्य. कोठे स्त्रिया पुरुषांचे मन रिझवितात, कोठे तरुण पुरुष स्त्रियांचे. ग्राहक एकाकी असतो. त्याला वाटते, हे हास्य माझ्यासाठी आहे. येथे साधारणीकरण नाही. ‘माझ्यासाठी’ ह्या एकाच शब्दाचा व्यापार आहे. तरुणांच्या प्रेमाच्या आशेने महागड्या मद्याच्या बाटल्या उधारीवर उघडणाऱ्या मुली कर्जात बुडाल्या, आणि ते फेडण्यासाठी त्यांना देहविक्रयाकडे ढकलण्यात आले. ही गोष्ट इतकी वाढली की २०२५ मध्ये जपानी सरकारला कायदा दुरुस्त करावा लागला. ग्राहकाच्या प्रेमभावनेचा गैरफायदा घेऊन खर्च करावयास लावणे आता तेथे निषिद्ध आहे. तीनशे वर्षांपूर्वी ओहात्सु विकली गेली होती. आज विकत घेणारीच विकली जाऊ लागली.

कोणी म्हणेल, एकाकी माणसाला घटकाभर दिलासा मिळाला तर बिघडले कोठे? बिघडले असे आम्हीही सरसकट म्हणणार नाही. दमून आलेल्या माणसाशी चार गोड शब्द बोलणे हेही एक कौशल्य आहे, आणि ते प्रामाणिकपणे करणाऱ्यास तुच्छ लेखण्याचा अधिकार आम्हांस नाही. प्रश्न एवढाच की त्या दिलाशाची किंमत कोण देतो, आणि ती त्याला आधी ठाऊक असते काय.

कायद्याला हे नेहमी उमगतेच असे नाही. १९४८ मध्ये जपानात झालेल्या कायद्याने ग्राहकांना नाचू देणारी स्थळेही संशयित ठरविली आणि मध्यरात्रीनंतर नाचणे वर्ज्य केले. २०१२ मध्ये ओसाकाच्या उमेदा भागातील एका नृत्यगृहाच्या चालकास ह्याच कायद्याखाली अटक झाली. न्यायालयांनी त्यास निर्दोष ठरविले. अखेर कायदा बदलला, आणि २०१६ पासून दिव्यांचा उजेड दहा लक्सहून अधिक असेल तर परवाना घेऊन रात्रभर नाचता येते. नीती दिव्याच्या उजेडाने मोजावी, हे वाचून हसू येते. परंतु थोडे थांबून विचार केला की आपणही तेच करतो, हे ध्यानात येते. घड्याळात किती वाजले आणि खोलीत किती अंधार आहे, ह्यावरूनच आपण रंजनाची परीक्षा करतो. माणसांचे काय झाले, हे विचारीत नाही.

माणसांचे काय होते, ते १९७२ च्या मे महिन्यात दिसले. दोतोनबोरीलगतच्या सेन्निचीमाए भागात एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर रात्री आग लागली आणि धूर सातव्या मजल्यावरील नृत्य-मद्यगृहात शिरला. ११८ माणसे मृत्यू पावली. त्यांत ग्राहक होते, तशाच तेथे काम करणाऱ्या स्त्रियाही होत्या. धुराने हा यजमान, तो अतिथी, ही रंजन करणारी, असा भेद केला नाही. तो भेद आपण करतो. अशा स्थळी मरण आले की ‘तेथे जावेच कशाला’ असा उद्गार निघतो. आम्हांस वाटते, खरा प्रश्न वेगळा होता: तेथून बाहेर पडण्याचा जिना कोणी दाखविला होता काय?

दुसऱ्याच्या नगरीचे दोष सांगून झाल्यावर आपले अंगण पाहिलेच पाहिजे. गोमंतकातील देवळांच्या उत्सवांत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गायन-नर्तनाची सेवा केली, त्या कलावंत घराण्यांशी आपण कसे वागलो? त्यांच्या सुरांनी पालखी पुढे सरकली, आणि त्यांच्या मुलींना लग्नाच्या पंक्तीत पान मांडले गेले नाही. त्याच समाजातील, फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत घातली गेली आणि आज ती सौरवाऱ्याची सीमा ओलांडून दूर गेली आहे. आकाशाने जिला जागा दिली, तिच्या आज्या-पणज्यांना आपल्या ओसरीने ती नाकारली होती. ह्या समाजाने शिक्षणाने व संघटनेने आपला मान स्वतः मिळविला. आपण तो दिला, असे म्हणण्यास जागा नाही.

म्हणून आम्हांस कसोटी सापडते ती अशी. रंजन देवळात झाले की बाजारात, दिवसा की रात्री, हे गौण. ज्याने आम्हांस आनंद दिला, त्याला दुसऱ्या दिवशी उजेडात नावाने हाक मारण्यास आम्ही तयार आहोत काय? तयार असू, तर तो आनंद आमचा. नसू, तर तो चोरीचा, मग त्याचे तिकीट कितीही महाग असो. पितृऋण, ऋषिऋण आणि देवऋण आपण मानतो; रंजनाचेही एक ऋण असते, आणि पैशाने त्याचा अर्धाच भाग फिटतो. उरलेला अर्धा आदराने फेडावयाचा असतो.

ओसाकाने ते फेडण्याचा एक सुंदर मार्गही दाखविला आहे. राकुगो ही बसल्या जागी, पंखा आणि हातरुमाल एवढ्याच साहित्यावर कथा सांगण्याची विनोदी कला. युद्धानंतर तिच्यासाठी त्या नगरीत स्वतंत्र नित्यगृह उरले नव्हते. २००६ मध्ये तेन्मांगू देवस्थानाने आपल्या शेजारची जागा दिली, नागरिकांनी वर्गणी दिली, आणि हान्जोतेई नावाचे छोटे रंगगृह उभे राहिले. वर्गणीदारांची नावे कागदी कंदिलांवर लिहून ते कंदील तेथे टांगले आहेत. ज्यांनी हसून घेतले, त्यांनीच छप्पर घातले. देवस्थान आणि विनोदी कथेकरी शेजारी नांदत आहेत, आणि दोघांपैकी कोणाचेही सोवळे मोडलेले नाही.

परतीच्या रात्री आम्ही दोतोनबोरीच्या मागील होझेन्जी मंदिराच्या अरुंद गल्लीत शिरलो. तेथे फुदो म्यो-ओ, म्हणजे संस्कृतात ज्यास अचल म्हणतात तो देव, उभा आहे. भाविक त्याच्या अंगावर ओगराळ्याने पाणी ओततात, म्हणून मूर्ती आपादमस्तक हिरव्या शेवाळाने माखली आहे. एक स्त्री आली. वेशावरून ती शेजारच्याच एखाद्या मद्यगृहात कामास निघाली असावी. तिने पाणी घातले, क्षणभर डोळे मिटले आणि दिव्यांच्या दिशेने निघून गेली. मग एक वृद्ध आला, एक विद्यार्थी आला. त्यांनी त्याच ओगराळ्याने पाणी घातले. कोणाच्या हाताचे पाणी कोणते, हे त्या शेवाळाने विचारले नव्हते. आम्हीही ओगराळे उचलले.