ताब्याचा दावा आणि वाढते वय

लखनौच्या चौकात, गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंतच्या गल्ल्यांत, शिया, सुन्नी आणि हिंदू घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. नवरा-बायको वेगळे झाले तर लहान मूल आईजवळ किती वर्षे राहावे, याचे उत्तर मात्र तिथे उंबरठ्यागणिक बदलते. शिया परंपरेत मुलगा दोन वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची होईपर्यंत. सुन्नींच्या हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत. हिंदूंसाठी १९५६ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत. मुलाचे हित या मर्यादांपेक्षा मोठे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच बजावले. (तरीही आपण अजून जमिनीसारखा मुलाचाही 'ताबा'च मागतो.) तत्त्वाचा प्रश्न बराचसा सुटला आहे. माझा आक्षेप वेळेबद्दल आहे. वयाची रेघ कुठेही ओढा, दावा रेंगाळला की मूल ती ओलांडून जाते, आणि मग हिताचा निर्णय न्यायाधीशाऐवजी कॅलेंडर करते.

हे घडते कसे? दावा दाखल होतो तेव्हा मूल एका घरी असते. नोटीस, समुपदेशन, तडजोडीचा प्रयत्न, पुढची तारीख, यात वर्ष सरते. तोवर मुलाला शाळेची, आजी-आजोबांची, नव्या भाषेचीही सवय होते. मग त्याच घरचा वकील म्हणतो, 'आता याला हलवणे हिताचे नाही.' हे म्हणणे बहुधा खरे असते, आणि अन्याय नेमका तिथेच होतो, कारण उशीर ज्याच्या सोयीचा होता त्यालाच त्याचे फळ मिळते. गोव्याच्या एका प्रकरणात पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा अंतरिम ताबा दिवाणी न्यायालयाने आईला दिला, उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल पुन्हा आईकडे सोपवले. हा सारा झगडा अंतरिम आदेशाचा होता. मुख्य दावा बाकीच होता. चौकात घरी बसून नगावारी मजुरीवर चिकनची कशिदाकारी करणाऱ्या आईला अशा तीन पायऱ्या चढणे कसे परवडावे? दूर राहणाऱ्या आणि मूल महिनोन्‌महिने न दिसलेल्या बापाचीही हीच कोंडी होते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये २००१ साली एक परंतुक आले. दावा चालू असताना मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे ते सांगते. त्याच कलमात ताब्याचाही उल्लेख आहे, पण परंतुकातून ताबा वगळला आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात कलम १२ खाली अंतरिम आदेशाचा अधिकार आहे, मुदत नाही. फीच्या पैशांना घड्याळ लावले आणि मुलाला मात्र नाही, हे मला असमर्थनीय वाटते.

घाईने चूक होईल, समुपदेशकाला मुलाशी बोलायला वेळ हवा, हा आक्षेप वजनदार आहे. म्हणून मुदत फक्त अंतरिम ताब्याला आणि भेटींना असावी. अंतिम निकाल सावकाश, पूर्ण चौकशीनेच व्हावा. मारहाणीतून मूल घेऊन निघालेल्या बाईला घाईचा आदेश धोक्यात टाकेल, अशीही भीती आहे. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात दंडाधिकारी तिला तात्पुरता ताबा देऊ शकतो आणि घातक वाटल्यास भेट नाकारू शकतो. तिला तर लवकर निर्णयाची गरज अधिक. न्यायाधीश कमी आहेत हे खरे, पण पोटगीची मुदत घालताना ते जास्त नव्हते.

संसदेने कलम २६ च्या परंतुकात 'ताबा आणि भेट' हे शब्द घालावेत आणि १८९० च्या कायद्यालाही तीच साठ दिवसांची मुदत लावावी. दुसरी दुरुस्ती झाली नाही, तर चौकातल्या तीनपैकी दोन घरांतल्या मुलांना पहिलीचा काहीच उपयोग होणार नाही.