हागारेस कोणीं विचारलें?

साराय वांझ होती, म्हणून तिनें आपली मिसरी दासी हागार पतीस दिली. हागारेस कोणीं विचारलें असें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. धनी व धनीण तिला दासीच म्हणत. रानांत देवदूतानें मात्र तिला नांवानें हाक मारली.

दुसरीच्या उदरीं आपलें मूल मिळविण्याची ती जुनी रीत पुढें वैद्यांच्या हातीं आली. तिला आतां सरोगसी म्हणतात. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं पैशाचा असा करार अवैध ठरविला. २०१८ सालीं तेथें नव्या कायद्यानें कांहीं करारांस मान्यता दिली. आपल्या देशांत मात्र २०२१ च्या कायद्यानें मोबदला बंद केला. लग्न झालेली, स्वतःचें मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची राजी स्त्रीच, तीही आयुष्यांत एकदांच, हें करूं शकते. तिची संमति तिला समजेल अशा भाषेंत लेखी घ्यावी लागते.

प्रिय वाचकहो, वांझपणाचें दुःख आम्ही हलकें मानीत नाहीं. परंतु दिराच्या घरीं अन्नास मिंधी असलेली विधवा भावजय "होय" म्हणाली, तर तें "होय" कोणाचें? कायदा अंगठा पाहतो. मन आपणच पाहिलें पाहिजे. जिचें "नको" ऐकण्यास आपण तयार नाहीं, तिचें "होय" घेण्याचा आपणांस अधिकार नाहीं.