स्वस्त आणि पौष्टिक जेवणाचं अर्धं गणित

'१०० रुपयांत दिवसभराचं पौष्टिक जेवण' अशा अर्थाचं एखादं रील दर दोन दिवसांनी माझ्या फोनवर येतं. मोड आलेले मूग, अंडी, फुटाणे, नाचणीची भाकरी. हिशोब बहुतेक वेळा बरोबरही असतो. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि तेवढी डाळ एका वडापावच्या पैशांत येते. मग खाली कमेंटींमध्ये निकाल लागतो: पैसे नाहीत ही सबब आहे, खरी कमतरता इच्छाशक्तीची. मला या निकालाबद्दल बोलायचंय. कमी पगारात नीट न खाणं हा त्या माणसाचा नैतिक दोष मानायचा का?

इंजिनिअरिंगला लिनिअर प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांना हे गणित ओळखीचं वाटेल. १९४५ साली जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन एका माणसाचा सर्वांत स्वस्त आहार शोधला. १९३९च्या भावानं वर्षाचा खर्च आला ३९.९३ डॉलर. यादीत गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि घेवड्याचे वाळलेले दाणे, एवढंच. पुढे जॉर्ज डान्ट्झिगच्या सिम्प्लेक्स पद्धतीनं तेच गणित सोडवलं, तेव्हा उत्तर फक्त २४ सेंटनी कमी निघालं. पण हा आहार कुणी खावा अशी शिफारस नाही, हे स्टिगलरनं स्वतःच स्पष्ट केलं होतं. काही वर्षांनी डान्ट्झिगनं वजन उतरवण्यासाठी संगणकाकडून आहार मागितला, तर उत्तरात ५०० गॅलन व्हिनेगर आलं. संगणकाचं काही चुकलं नव्हतं. माणूस किती व्हिनेगर पिऊ शकतो, ही अटच कुणी घातली नव्हती.

कोड लिहिणाऱ्याला हे रोजचं आहे. उत्तर विचित्र आलं की आधी अटी तपासायच्या. मग रीलमधल्या गणितात कुठल्या अटी सुटल्यात?

आमच्या ऑफिसच्या इमारतीत एक सिक्युरिटीवाले काका आहेत, बीडकडचे. बारा तासांची ड्यूटी. चौघांत एक खोली, एकच शेगडी, फ्रिज नाही. सकाळी सातला गेटवर उभं राहायचं तर डाळ शिजवायला साडेचारला उठावं लागतं. रात्री परतल्यावर शेगडीसाठी नंबर लावायचा. उन्हाळ्यात सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत आंबते. म्हणून सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव. ज्वारीची भाकरी चांगली हे त्यांना मी सांगायची गरज नाही, ते तिच्यावरच वाढलेत. "भाकरीला घरात बाईमाणूस लागतं सर, नाहीतर वेळ," असं ते एकदा म्हणाले.

त्यांच्या या वाक्यात आणखी एक सुटलेली अट आहे. 'घरचं साधं जेवण सर्वांत स्वस्त' असं म्हणताना ते रांधणाऱ्या बाईचे तास आपण शून्य रुपयांना धरतो. डाळ निवडणं, दळण आणणं, मोड काढणं, भाकऱ्या थापणं. बाहेरची कामं करून आलेली बाई हे सगळं करते, तेव्हा जेवण स्वस्त झालेलं नसतं, त्याचे पैसे तिनं भरलेले असतात.

आणि चव? १९३७च्या 'द रोड टू विगन पिअर'मध्ये जॉर्ज ऑर्वेलनं इंग्लंडमधल्या बेकार कामगारांबद्दल हेच नोंदवलंय: खिसा रिकामा असला की पौष्टिक पण बेचव अन्न नको वाटतं, काहीतरी चटकदार हवं असतं. बारा तास उभं राहणाऱ्याच्या दिवसात वडापाव ही एकच चैन असेल, तर तिला मी दुबळेपणा म्हणणार नाही.

पण म्हणून 'ज्याला जे परवडतं ते खाऊ दे' असं म्हणून सुटताही येत नाही. शुगर आणि बीपी पगार बघून येत नाहीत आणि औषधांचा खर्च कमी पगारवाल्यालाच जास्त जड जातो. असलं औदार्य म्हणजे अंग काढून घेणं. मला वाटतं, माणसाची जबाबदारी त्याच्या हातातल्या पर्यायांपुरतीच असते. उरलेली जबाबदारी ज्यांना अटी बदलता येतात त्यांची.

आणि अटी बदलता येतात. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली: १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. तिची खरी किंमत मला त्या १० रुपयांत दिसत नाही, वरण शिजवून मिळतं यात दिसते. उलट २०१३चा अन्नसुरक्षा कायदा बहुसंख्य लाभार्थ्यांना माणशी महिना ५ किलो धान्य देतो, पण डाळीचा हक्क त्यात नाही. धान्यानं पोट भरतं. ताट भरायला डाळ, भाजी, इंधन आणि वेळ लागतो.

आमच्या कॅन्टीनमध्ये डाळ, कोशिंबीर, ताक सगळं असतं आणि अर्धे पैसे कंपनी भरते. कार्ड मात्र कंपनीच्या कर्मचाऱ्यांनाच. काका एजन्सीचे, म्हणून ते आत येत नाहीत. ते कार्ड त्यांनाही मिळावं, असा अर्ज आम्ही काही जणांनी गेल्या महिन्यात दिलाय. उत्तर अजून यायचंय. तोवर इच्छाशक्तीवर प्रवचन द्यायचा अधिकार, रोज आयतं ताट समोर येणाऱ्या मला तरी नाही.